न उमटणाऱ्या कळा : संगणकाच्या कळफलकावरील विशेष कळांचा इतिहास

प्रस्तावना

लॅपटॉपच्या कळफलकावर साधारणपणे ऐंशी ते शंभर कळा असतात. त्यांपैकी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे उमटवणाऱ्या कळा निम्म्याच्या आसपास भरतात. उरलेल्या कळा पडद्यावर स्वतः काहीच उमटवत नाहीत. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, एस्केप, कॅप्स लॉक, एफएन इत्यादी नावांच्या या कळा एक तर दुसऱ्या कळेचा अर्थ बदलतात, किंवा यंत्राला एखादी आज्ञा देतात. संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमांत त्या बहुधा तक्त्याच्या रूपाने शिकवल्या जातात. अमुक दोन कळा एकत्र दाबल्या असता अमुक घडते, एवढे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. कंट्रोल या कळेला कंट्रोल का म्हणायचे, एस्केप म्हणजे कशापासून सुटका, हे प्रश्न तक्त्यात बसत नाहीत. या नावांची उत्तरे संगणकशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडतात. प्रस्तुत निबंधात या कळांचा उगम ज्या यंत्रांत झाला त्यांचा मागोवा घेतला असून, रोमन लिपीसाठी घडलेल्या या व्यवस्थेत देवनागरीने, विशेषतः मराठीने, आपली जागा कशी मिळवली याचाही विचार केला आहे.

सरकणारा रूळ

विशेष कळांमधील सर्वांत जुनी कळ शिफ्ट होय. अमेरिकेतील मिलवॉकी येथे ख्रिस्तोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले आणि रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलेले टंकयंत्र फक्त मोठ्या रोमन अक्षरांत लिहीत असे. लहान अक्षरेही हवी असतील तर कळांची संख्या जवळजवळ दुप्पट करावी लागणार होती, आणि काही प्रतिस्पर्धी कारखानदारांनी पुढे तसे केलेही. रेमिंग्टनच्या १८७८ च्या दुसऱ्या यंत्राने वेगळा मार्ग काढला. प्रत्येक दांड्याच्या टोकावर एकाऐवजी दोन ठसे बसवले गेले आणि एक जादा कळ दाबली असता कागद धरणारा रूळच किंचित सरकेल अशी योजना करण्यात आली. रूळ सरकला की दुसरा ठसा कागदावर आपटे. शिफ्ट म्हणजे सरकणे. ही क्रिया अक्षरशः डोळ्यांना दिसत असे आणि करंगळीला तिचे वजनही जाणवत असे. पुढील काळातील अनेक यंत्रांत रुळाऐवजी ठशांची टोपली खाली-वर होऊ लागली. आयबीएमच्या १९६१ मधील सिलेक्ट्रिक यंत्रात ठसे एका गोळ्यावर कोरलेले असल्याने शिफ्ट दाबताच तो गोळा अर्धे वर्तुळ फिरत असे. संगणकात यांपैकी काहीच सरकत अथवा फिरत नाही, तरी नाव टिकले आहे. कॅप्स लॉक ही कळ म्हणजे सरकलेल्या भागाला अडकवून ठेवणाऱ्या खिटीची वंशज.

तारायंत्राकडून आलेला वारसा

कंट्रोल कळेची कुळी वेगळी आहे. ती टंकयंत्राकडून नव्हे, तर तारायंत्राकडून आली. फ्रान्समध्ये एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात प्रत्येक चिन्हासाठी पाच संकेतांची जुळणी वापरणारी पद्धती तयार केली. पाच स्थानांतून बत्तीसच जुळण्या निघतात. तेवढ्यात अक्षरे आणि अंक दोन्ही बसवायचे, तर एकाच जुळणीला दोन अर्थ देणे भाग होते. म्हणून ‘यापुढे अक्षरे’ आणि ‘यापुढे अंक’ अशा अर्थाचे दोन स्वतंत्र संकेत ठरवले गेले. ते कागदावर उमटत नसत. पुढील मजकूर कसा वाचायचा एवढेच सांगत. मजकुराच्या ओघातच, पण मजकुराचा भाग नसलेली सूचना पाठवण्याची ही कल्पना आजच्या विशेष कळांच्या मुळाशी आहे.

१९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतप्रमाणाने तिला शिस्त लावली. सात स्थानांच्या या संकेतात १२८ जागा होत्या आणि त्यांतील पहिल्या ३२, म्हणजे शून्य ते ३१, नियंत्रक संकेतांसाठी राखून ठेवण्यात आल्या. घंटा वाजवणे, ओळ पुढे सरकवणे, मुद्रणाचा भाग ओळीच्या आरंभी आणणे, मजकूर संपल्याचे कळवणे अशी त्यांची कामे होती. टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर हे संकेत पाठवण्यासाठी जी कळ होती, तीच कंट्रोल. तिच्यामागील गणित साधे आहे. कंट्रोल दाबून एखादे मोठे अक्षर दाबले की त्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. ‘जी’ या रोमन अक्षराचा क्रमांक ७१. वजाबाकी ७, आणि ७ म्हणजे घंटा. ‘एम’ चा क्रमांक ७७. उरतात १३, म्हणजे ओळीच्या आरंभी परत येणे. ‘आय’ पासून ९ मिळतो, तो टॅब. ‘सी’ चा क्रमांक ६७ असल्याने कंट्रोल आणि ‘सी’ मिळून ३ होतात व ३ या संकेताचा अर्थ मजकुराचा शेवट असा ठरलेला होता. चालू असलेला कार्यक्रम थांबवण्यासाठी आजही संगणकाच्या आज्ञापटलावर हीच जोडी वापरली जाते. एकदा ही वजाबाकी समजली की पाठांतराचा मोठा भार उतरतो.

डिलीट कळेचा क्रमांक १२७ असण्यालाही असेच कारण आहे. तारायंत्राचा मजकूर कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदवला जाई. एकदा पडलेले छिद्र बुजवता येत नाही. चुकीचे अक्षर खोडायचे तर त्या ओळीतील उरलेली सर्व छिद्रे पाडून टाकायची आणि सातही छिद्रे असलेली ओळ वाचणाऱ्या यंत्राने सोडून द्यायची, असा संकेत होता. सात छिद्रांची ती ओळ म्हणजेच १२७. डिलीट हा मुळात पुसण्याचा नव्हे, तर गिरवून निरर्थक करण्याचा संकेत होता. कारकुनाने चुकलेल्या शब्दावर शाईच्या रेघा माराव्यात तसा.

एस्केप या नावामागची कथा अधिक बोधप्रद आहे. १९६० च्या सुमारास निरनिराळ्या उत्पादकांच्या संगणकांत परस्परांशी न जुळणारे अनेक संकेतसंच प्रचलित होते. आयबीएममधील बॉब बेमर यांनी त्यावर उपाय म्हणून एक खास संकेत सुचवला. तो आला की पुढील चिन्हे नेहमीच्या संचातील नाहीत असे यंत्राने समजावे. येथे ‘सुटका’ आहे ती एका संकेतसंचाच्या चौकटीतून दुसऱ्यात जाण्याची. आस्कीमध्ये त्याला २७ वा क्रमांक मिळाला. पडद्यावरील खिडकी बंद करणे किंवा चालू कृती सोडून देणे हा आजचा अर्थ नंतरच्या प्रणालींनी दिलेला आहे. भारतीय लिपींच्या इस्की या प्रमाणातही एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाण्यासाठी असाच एक न उमटणारा संकेत ठेवलेला आहे, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे.

वैयक्तिक संगणक आणि कळांची गर्दी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. या कळफलकाचे एक वैशिष्ट्य पुढील सर्व घडामोडी समजण्यासाठी महत्त्वाचे ठरते. तो संगणकाकडे अक्षर पाठवत नसे, तर कळेचा क्रमांक पाठवत असे. कळ दाबल्याची एक खबर आणि सोडल्याची दुसरी. त्या क्रमांकाचा अर्थ काय लावायचा, हे संगणकातील कार्यक्रम ठरवी. यंत्राच्या दांड्याशी बांधलेला अर्थ येथे सुटा झाला. त्यामुळे कोणतीही कळ दाबून धरून तिच्याआडून दुसरीला नवा अर्थ देणे सोपे झाले आणि अनेकार्थी कळांचे पीक आले.

जागेच्या टंचाईने काही कळा जन्माला घातल्या. या ८३ कळांत कर्सर हलवणाऱ्या बाणांसाठी स्वतंत्र जागा नव्हती. उजवीकडील अंकांच्या कळांवरच बाण छापलेले होते. त्या अंक लिहिणार की कर्सर हलवणार, हे ठरवणारी कळ म्हणजे नम लॉक. १९८५-८६ मधील १०१ कळांच्या विस्तारित कळफलकावर बाणांना स्वतंत्र कळा मिळाल्या, तरी नम लॉक राहिलीच. बाण दाबला असता कर्सर हलण्याऐवजी सारे पान सरकावे, यासाठी स्क्रोल लॉक होती. एक्सेलसारखा एखादा कार्यक्रम तिची आज्ञा आजही पाळतो, आणि तक्त्यातील रकाने अचानक का सरकू लागले म्हणून भांबावणारे वापरकर्तेही आजही आढळतात. याच विस्तारित कळफलकावर ‘ए’ च्या डावीकडील मोक्याची जागा कंट्रोलकडून कॅप्स लॉककडे गेली. जिचा उपयोग दिवसभरात पुष्कळ वेळा होतो ती कोपऱ्यात आणि क्वचित लागणारी करंगळीखाली, ही अदलाबदल फारशी समर्थनीय वाटत नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या त्रयीचा जन्मही याच यंत्रावरचा. फ्लोरिडातील बोका रेटन येथे काम करणारे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी अडकलेला संगणक वीज न तोडता पुन्हा सुरू करण्याची सोय विकासकांसाठी केली होती. सामान्य वापरकर्त्याला ती कळावी असा मूळ हेतू नव्हता. प्रथम निवडलेल्या जोडणीत डिलीटच्या जागी एस्केप होती. ती एका हातानेही, चुकूनसुद्धा, दाबली जाण्याचा संभव होता. म्हणून दोन्ही हात लागतील अशी जोडणी ठरवण्यात आली. १९९३ मधील विंडोज एनटीने प्रवेश करण्यापूर्वी हीच त्रयी दाबण्याचा नियम केला, कारण अन्य कोणत्याही कार्यक्रमाला ती मध्येच अडवता येत नसे. संकटकाळची कळ अशा रीतीने दाराची कळ झाली.

मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे व चिकटवणे यांच्या आज्ञांचा उगम मात्र निराळा आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास जिप्सी या संपादन-कार्यक्रमात ही पद्धत रुजवली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकावर त्यासाठी शेजारशेजारच्या ‘एक्स’, ‘सी’, ‘व्ही’ आणि कृती मागे घेण्यासाठी ‘झेड’ या कळा आल्या. ॲपलने त्यांना आपली स्वतंत्र कळ जोडली. १९८४ च्या मॅकिंटॉशपासून तिच्यावर सुसान केअर यांनी निवडलेले, उत्तर युरोपात प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर दिसणारे चौफेर वळशांचे चिन्ह आहे. विंडोजने मात्र या आज्ञा कंट्रोलला जोडल्या. परिणामी तारायंत्राच्या काळातील ‘मजकूर संपला’ आणि आजचे ‘प्रत घ्या’ हे दोन अर्थ एकाच जोडीवर येऊन बसले. आज्ञापटलावर काम करताना ‘सी’ ने प्रत का होत नाही, याचे उत्तर या दोन घराण्यांच्या संगमात आहे.

देवनागरी आणि शिफ्टचा नवा अर्थ

आतापर्यंत पाहिलेली सारी रचना रोमन लिपीसाठी, म्हणजे मोठी आणि लहान अशा दुहेरी रूपातील अक्षरांसाठी झाली. देवनागरीत हा भेदच नाही. उलट स्वर, मात्रा, व्यंजने आणि जोडाक्षरे यांची संख्या टंकयंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. देवनागरी टंकयंत्राने शिफ्टचा उपयोग केवळ जादा जागा म्हणून केला. नव्वदच्या आसपास ठशांत अर्धी अक्षरे, पूर्ण अक्षरे आणि मात्रा बसवण्याची ती कसरत होती. मात्रांच्या काही कळा दाबल्या तरी रूळ पुढे सरकत नसे, जेणेकरून मात्रा आणि अक्षर एकाच जागी उमटावेत. कोणती खूण शिफ्टने आणि कोणती तिच्याविना, यात उच्चारशास्त्राचे सूत्र शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. शासकीय टंकलेखन परीक्षांसाठी उमेदवारांच्या पिढ्यांनी ही मांडणी बोटांत बसवली. तिचा आधार सरावच होता.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण म्हणून पुढे आणली. तिच्यात सुधारणा झाल्या आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या इस्की प्रमाणात तिला स्थान मिळाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विस्तारलेले भारतीय लिपींचे संगणकीय कार्य या टप्प्याशी निगडित आहे. इनस्क्रिप्टचे मोठेपण असे की तिने शिफ्टला अर्थ दिला. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. मात्रा नुसत्या कळेवर आणि तिचा पूर्ण स्वर शिफ्टसह. ‘के’ या कळेवर क, शिफ्टसह ख. ‘आय’ वर ग, शिफ्टसह घ. ‘एल’ वर त, शिफ्टसह थ. ‘एच’ वर प, शिफ्टसह फ. अल्पप्राणाचा महाप्राण करणारी कळ! पाश्चात्त्य कारखान्यात रूळ सरकवण्यासाठी जन्मलेल्या कळेला येथे वर्णमालेतील वर्गांच्या प्राचीन विवेचनाचे काम मिळाले. शिवाय जिला देवनागरीत काहीच काम उरले नव्हते त्या कॅप्स लॉककडे इंग्रजी आणि भारतीय लिपी यांच्यात ये-जा करण्याची कामगिरी देण्याची सोय या व्यवस्थेत होती. कळफलक अक्षर पाठवत नसून क्रमांक पाठवतो, म्हणूनच हे सर्व शक्य झाले. छापलेली रोमन अक्षरे तशीच ठेवून क्रमांकांचा अर्थ तेवढा बदलला.

मराठीच्या दृष्टीने दोन कळा विशेष उल्लेखनीय आहेत. ‘एन’ वर ल, तर शिफ्टसह ळ आहे. काळ आणि काल, गोळा आणि गोला यांतील भेद या एका दाबावर अवलंबून असतो. ‘जे’ वर र आहे आणि शिफ्टसह ऱ. हा दुसरा ऱ अनेकांना अपरिचित असतो, परंतु तो हलन्त करून पुढे य लिहिला की मराठीचा आडवा, चंद्रकोरीसारखा रफार मिळतो. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर हे शब्द त्यावाचून शुद्ध लिहिता येत नाहीत. ‘आचार्यांना निमंत्रण दिले’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण दिले’ या दोन वाक्यांत कळांची संख्या आणि त्यांचा क्रम सारखाच आहे. फरक एका शिफ्टचा. महाविद्यालयाच्या निमंत्रणपत्रिकेत हा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे प्राध्यापक वर्गास सांगण्याची गरज नाही. ज्यांना ही कळ ठाऊक नाही ते साधा रफार देऊन वेळ निभावतात, आणि छापील मराठीतून एक अर्थभेदक चिन्ह हळूहळू मागे पडते. शुद्धलेखनाचा हा प्रश्न आळसाचा जेवढा, तेवढाच कळफलकाच्या अज्ञानाचा आहे.

याहून अदृश्य अशी दोन चिन्हे आहेत. विंडोजमधील देवनागरी इनस्क्रिप्टवर कंट्रोल व शिफ्टसह १ हा अंक दाबला की एक शून्य रुंदीचा जोडक मिळतो, २ दाबला की विलगक. पडद्यावर दोन्ही दिसत नाहीत. पण हलन्तानंतर पहिला दिला तर व्यंजनाचे अर्धे रूप राहते आणि दुसरा दिला तर पायमोडके. क्ष ऐवजी क्‍ष किंवा क्‌ष दाखवायचे असेल, तर व्याकरणाच्या अध्यापकास याच चिन्हांचा आधार घ्यावा लागतो. बोदोच्या न उमटणाऱ्या संकेतांशी त्यांचे नाते सरळ आहे.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट अगदी अलीकडची. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संशोधन करणारे डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आले. भारतीय इंग्रजी मांडणीत ते उजव्या ऑल्टसह ४ दाबून मिळते. रकमा लिहिताना ‘रु.’ टंकित करणारे आजही बहुसंख्य दिसतात, ते बहुधा उजवी ऑल्ट डावीपेक्षा वेगळी असू शकते ही कल्पनाच नसल्यामुळे.

लॅपटॉप आणि दोन कळांची नवी भर

कळफलक मांडीवर आला तेव्हा जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर एफएन ही कळ. आयबीएमने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या पीसीज्युनियर या घरगुती संगणकावर ६२ च कळा होत्या आणि गाळलेल्या कळांचे काम एफएनच्या साहाय्याने चालत असे. लॅपटॉपने हीच युक्ती उचलली. १९९५ च्या थिंकपॅड ७०१ मध्ये झाकण उघडताच दोन तुकड्यांचा कळफलक पंखांसारखा पसरून यंत्राहून रुंद होई. तो उपाय देखणा खरा, पण टिकला तो एफएनचाच. शिफ्ट वा कंट्रोल दाबल्याची खबर संगणकाला मिळते. एफएनची बहुधा मिळत नाही. कळफलकातील छोटा नियंत्रकच ती जाणतो आणि परस्पर वेगळा क्रमांक पाठवतो. म्हणूनच एफएनला दुसरे काम नेमून देणे सहसा जमत नाही. पडद्याचा उजेड, आवाज इत्यादी कामे वरच्या रांगेतील एफ-कळांवर आली, आणि पुष्कळ लॅपटॉपवर ती इतकी मुख्य झाली की मूळ एफ-कळेसाठीच आता एफएन दाबावी लागते.

कळा काढून टाकण्याचा प्रयोगही होऊन गेला. ॲपलने २०१६ मध्ये काही मॅकबुक प्रोवरील संपूर्ण वरची रांग हटवून तेथे स्पर्शपट्टी बसवली. एस्केपही तिच्यात गेली. बोटाला न लागणारी कळ न पाहता दाबता येत नाही, हे लवकरच लक्षात आले. २०१९ मध्ये एस्केप खरीखुरी होऊन परतली आणि २०२३ पर्यंत पट्टीच संपली.

भर घालणाऱ्यांत मायक्रोसॉफ्ट अग्रेसर राहिली. १९९४ च्या नॅचरल कळफलकावर तिने विंडोजची खूण असलेली कळ आणली. येथून कळेचे नाव क्रियेवरून न पडता एका कंपनीच्या विक्रेय वस्तूवरून पडू लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकासाठी कोपायलट नावाची कळ जाहीर केली. अनेक लॅपटॉपवर ती उजव्या कंट्रोलच्या जागी बसली, आणि ती कंट्रोल नित्य वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. या कळेचे अंतरंग मात्र मजेशीर आहे. तिला स्वतःचा नवा क्रमांक नाही. ती दाबली असता कळफलक तीन कळांची खबर पाठवतो : डावी शिफ्ट, विंडोज आणि एफ-२३. पहिली १८७८ मधील, दुसरी १९९४ मधील. आणि एफ-२३ ही कळ तर लॅपटॉपवर कधी नव्हतीच. ती असे आयबीएमच्या मोठ्या संगणकांना जोडलेल्या, चोवीस एफ-कळा असलेल्या जुन्या टर्मिनलांवर.